भ्रमाचा भोपळा

'भ्रमाचा भोपळा फुटणे' हा वाक्प्रचार तुम्ही शिकला असाल. त्याचा अर्थ कोणी विचारला, तर 'खोटा समज नाहीसा होणे' असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. मीही ३५ वर्षे वर्गावर्गांतून हाच अर्थ सांगत आलो. 'विळ्या-भोपळ्याचे सख्य' म्हणजे हाडवैर, हेही मी अनेकदा फळ्यावर लिहून दिले. एखाद्याच्या उत्तरपत्रिकेवर वाटोळे शून्य पडले, की 'याला भोपळा मिळाला' असे आम्ही शिक्षक म्हणत असू. सारांश, भोपळ्याविषयी मी आयुष्यभर बोलत होतो. परंतु खराखुरा भोपळा चिरावा कसा आणि शिजवावा कसा, हे मला वयाच्या ६३व्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते मला कसे कळले, त्याची ही हकीकत आहे.

निवृत्तीनंतर मी व माझी पत्नी नवी मुंबईत वाशी येथे राहू लागलो. मुलगा बंगळुरूला, मुलगी नागपूरला. घरात आम्ही दोघेच. आश्विन महिना लागला. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना पत्नीचा पाय घसरला आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. डॉक्टरांनी हात प्लास्टरमध्ये घातला आणि सांगितले, "सहा आठवडे या हाताने काहीही काम करायचे नाही."

मुलगी धावत आली. पण तिलाही नोकरी, तिचीही मुले शाळेत जाणारी. चार दिवस राहून ती परतली. मग आम्ही एका खाणावळीचा डबा सुरू केला. डबा वेळेवर येई. तथापि त्यातील तेला-तिखटाने माझ्या पोटात जळजळ होऊ लागली. मी काही बोललो नाही. पण पत्नीच्या ते लक्षात आले होते.

दोन दिवसांनंतरची गोष्ट. पहाटे स्वयंपाकघरातून कसला तरी आवाज आला म्हणून मी उठून पाहिले. पत्नी जमिनीवर विळीपुढे बसली होती. प्लास्टरमधला हात तिने छातीशी धरला होता आणि डाव्या हाताने भोपळ्याची एक जाड फोड ती विळीच्या पात्यावर दाबू पाहत होती. फोड सारखी निसटत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"हे काय करतेस?" मी विचारले.

ती ओशाळली. म्हणाली, "तुम्हाला डब्याचे जेवण सोसत नाही. म्हटले, थोडी साधी भाजी करावी."

"मग मला का नाही हाक मारलीस?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि सहजपणे म्हटले, "तुम्हाला हाक मारून काय उपयोग होता?"

त्या वाक्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ते केवळ सत्य होते, आणि म्हणूनच ते माझ्या मनाला लागले. आमच्या लग्नाला ३८ वर्षे झाली होती. दिवसातून दोन वेळा, याप्रमाणे हिशेब केला तर तिने २७,७४० वेळा चूल किंवा शेगडी पेटवली होती. त्यातून माहेरपणाचे व आजारपणाचे दिवस वजा केले, तरी संख्या फारशी कमी होत नाही. मी मात्र इतक्या वर्षांत चहापलीकडे गेलो नव्हतो. स्वयंपाक ही कोणालाही येणारी, शिकावी न लागणारी गोष्ट आहे, असा माझा समज होता. मी तिच्या हातून फोड घेतली, तिला खुर्चीवर बसवले आणि म्हणालो, "आज भाजी मी करतो."

भोपळ्याबरोबर टोपलीत दोन पेरूही होते. ते तिने मोलकरणीकडून आणवून ठेवले होते. "दोन्ही मिळून परता," एवढेच ती म्हणाली. पुढे ती सांगू लागली, पण "तू आता विश्रांती घे, मला समजले," असे म्हणून मी तिला थांबवले. मुख्याध्यापकाला सूचना ऐकण्याची सवय कमी असते.

मग काय घडले ते थोडक्यात सांगतो. मी फोडी केल्या, त्या काही सुपारीएवढ्या, काही लिंबाएवढ्या. तेल धूर येईपर्यंत तापवले. त्यात मेथीचे दाणे टाकले, ते क्षणात काळे झाले. भोपळा व पेरू एकदमच कढईत ओतले, मीठ घातले, काही जळू नये म्हणून दोन पेले पाणी घातले आणि झाकण ठेवून वर्तमानपत्र वाचीत बसलो. अर्ध्या तासाने झाकण काढले. कढईत भाजी नव्हती. केशरी रंगाचा चिखल होता. त्यात पेरूच्या बिया खड्यांसारख्या दाताखाली येत होत्या, मोठ्या फोडी आत कच्च्या होत्या आणि जळक्या मेथीचा कडवटपणा सर्वत्र भरला होता. माझ्या भ्रमाचा भोपळा असा अक्षरशः फुटला.

पत्नीने तो पदार्थ मुकाट्याने खाल्ला. मला राहवेना. मी विचारले, "शंभरांपैकी किती गुण देशील? भोपळाच ना?"

ती हसली. म्हणाली, "पहिल्या दिवशी पाटीवर वेडेवाकडे अक्षर काढणाऱ्या मुलाला तुम्ही गुण देत होता का? पाटी पुसून पुन्हा गिरवायला सांगत होता ना? तसेच करा."

मी पाटी पुसली. म्हणजे, कढई घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बाजारात गेलो. वाशी हे गाव भाजीपाल्याच्या दृष्टीने मोठे महत्त्वाचे आहे. मुंबईचा फळांचा व भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ मध्ये येथे आला. पहाटे नाशिक, पुणे, सातारा अशा जिल्ह्यांतून मालमोटारी येथे येतात आणि उजाडण्यापूर्वी अर्ध्या महानगराची भाजी येथून निघून जाते. एके काळी या परिसरात भातशेती होती, मिठागरे होती, खाडीकाठी आगरी व कोळी लोकांची गावे होती. १९७० मध्ये 'सिडको' ही संस्था स्थापन झाली आणि त्या शेतांवर हळूहळू हे नवे शहर उभे राहिले. गावांची नावे राहिली, गावठाणे राहिली; शेते मात्र गेली. म्हणून पुष्कळांना वाटते, की शहरात ऋतू उरले नाहीत.

परंतु हेही खरे नव्हे. रेल्वे स्थानकाबाहेर पदपथावर कर्जतकडून आलेली एक वृद्ध बाई बसली होती. तिच्यापुढे एक मोठा तांबडा भोपळा, काही गावठी पेरू आणि शिराळी होती. मी भोपळा मागितला. तिने विचारले, "कशाला पाहिजे? भाजीला का भरताला?"

मी म्हणालो, "परतून भाजी करायची आहे. त्यात पेरूही घालायचा आहे."

"मग ही फोड घ्या. घट्ट आहे. नख लावून बघा, सालीत रुतत नाही. आणि पेरू पिवळाधमक नको, बाबा. हिरव्यावर थोडी पिवळी झाक आलेला घ्या. पिकला तर विरघळतो, कच्चा तर तुरट लागतो."

पावसाच्या आरंभी लावलेले भोपळे शरद ऋतूत वेलीवर पिकतात आणि पेरूही याच सुमारास बाजारात येऊ लागतो. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. आकाश निरभ्र होते, ऊन तापते आणि रात्री चांदणे पडते. या ऋतूत शरीरातील पित्त वाढते, म्हणून गोड व हलके अन्न घ्यावे, असे आयुर्वेदाने सांगितले आहे. त्या बाईच्या टोपलीत तोच ऋतू बसला होता. शेते दूर गेली, तरी ऋतू टोपलीत बसून आपल्या दारापर्यंत येतो. आपण त्याला ओळखतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

घरी आल्यावर पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसली. मी विद्यार्थी झालो. तिने सांगितलेला पाठ मी तुमच्यासाठी जसाच्या तसा लिहून देत आहे.

चार माणसांसाठी पाव किलो तांबडा भोपळा आणि दोन मध्यम पेरू घ्यावेत. भोपळा धुऊन त्याच्या बिया काढाव्यात आणि बोटाच्या पेराएवढ्या सारख्या फोडी कराव्यात. फोडी सारख्या नसतील, तर लहान विरघळतात व मोठ्या कच्च्या राहतात. पेरूचे चार भाग करून मधला बियांचा गर काढून टाकावा आणि उरलेल्या भागाच्या तेवढ्याच फोडी कराव्यात. भोपळ्याची साल टणक असते. ती चिरताना फोडीची सपाट बाजू खाली ठेवावी, म्हणजे ती निसटत नाही. विळी किंवा सुरी वापरताना मुलांनी घरातील मोठे माणूस जवळ असू द्यावे.

नंतर पसरट लोखंडी कढईत दोन चमचे शेंगदाण्याचे तेल मध्यम आचेवर तापवावे. त्यात अर्धा चमचा मोहरी घालावी. ती तडतडली, की पाव चमचा मेथीचे दाणे घालावेत. "मेथी तांबूस झाली पाहिजे, काळी नव्हे," पत्नी म्हणाली. "तांबूस मेथी भाजीला वास देते, काळी मेथी भाजीचा सूड घेते." मग चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद आणि हिरव्या मिरचीचे दोन-तीन तुकडे घालून लगेच भोपळ्याच्या फोडी टाकाव्यात. आच थोडी वाढवून तीन-चार मिनिटे त्या परताव्यात, म्हणजे त्यांच्या कडांना तांबूस डाग पडतात.

आता आच मंद करावी आणि कढईवर ताट झाकून त्या ताटात पाणी घालावे. भाजीत मात्र पाण्याचा थेंबही घालू नये. मी विचारले, "पाणी वर कशाला?" तिने उत्तर दिले, "स्वतःच बघा." मी पाहिले, विचार केला आणि मला कारण समजले. पाण्यामुळे ताट थंड राहते. आतली वाफ वर जाऊन त्याला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भाजीवर पडतात. भाजी आपल्याच पाण्यात शिजते. करपत नाही, तिचा चिखलही होत नाही. शाळेत बाष्पीभवन व संघनन हे शब्द आपण पाठ करतो. ते माझ्या स्वयंपाकघरात ३८ वर्षे रोज घडत होते आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत होतो!

सहा-सात मिनिटांनी ताट उतरवावे. फोडीत सुरीचे टोक सहज शिरले, पण फोड मोडली नाही, म्हणजे भोपळा झाला असे समजावे. आता पेरूच्या फोडी, चवीपुरते मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून दोन-तीन मिनिटे हलक्या हाताने परतावे. मीठ आधी घातले, तर ते फोडींतील पाणी बाहेर ओढते आणि मग फोडी परतल्या न जाता उकडल्या जातात. पेरू शेवटी घालण्याचे कारण दुहेरी आहे. एक तर तो लवकर मऊ होतो. दुसरे, त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते उष्णतेने कमी होत जाते. भोपळ्याचा केशरी रंग ज्या कॅरोटीनमुळे येतो, त्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ते तेलाबरोबर अंगी चांगले लागते. शेवटी वरून दोन चमचे दाण्याचे कूट, थोडे ओले खोबरे व कोथिंबीर घालावी आणि कढई खाली उतरवावी. ही भाजी ताटात डाव्या-उजव्या कोणत्याही बाजूला शोभते. भाकरी, पोळी किंवा वरणभात यांपैकी कशाबरोबरही ती चांगली लागते.

हा पाठ घेताना माझ्यातला भाषेचा शिक्षक जागा होताच. भाजणे, तळणे, उकडणे, वाफवणे, शिजवणे, परतणे ही क्रियापदे मी आजवर जवळजवळ एकाच अर्थाची मानीत होतो. कढईपुढे उभे राहिल्यावर कळले, की आपल्या भाषेने अग्नीच्या प्रत्येक कामाला निराळा शब्द दिला आहे आणि त्या प्रत्येक शब्दामागे कोणा गृहिणीचा अनुभव आहे. 'परतणे' म्हणजे उलटसुलट करणे आणि 'परतणे' म्हणजे माघारी येणेही. कढईतली प्रत्येक फोड पुन्हा पुन्हा तळाच्या उष्णतेकडे माघारी आली पाहिजे. तेव्हाच ती सर्व बाजूंनी सारखी शिजते. शब्दकोशात जे समजले नव्हते, ते उलथन्याने समजावले.

आणखी एक मौज पाहा. आपला म्हणून आपण मानतो तो तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. पेरू तिकडचाच, मिरची तिकडचीच आणि शेंगदाणाही तिकडचाच. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला; त्यानंतरच्या काळात पोर्तुगीजांच्या गलबतांतून अशी कितीतरी झाडे आपल्या किनाऱ्याला लागली. बटाटा, अननस, काजू ही नावेही त्यांच्याच भाषेतून आली. हळद आणि ऊस मात्र आपल्याकडे फार प्राचीन काळापासून आहेत. म्हणजे माझ्या त्या लहानशा कढईत दोन जगे एकत्र नांदत होती! बाहेरून आलेल्या त्या फळांना आपल्या मातीने परके मानले नाही. लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीला ज्या भोपळ्याने वाघापासून वाचवले, त्याची गोष्ट तर घरोघरच्या आज्यांनी सांगितली आहे.

त्या दिवशी मी पाट मांडला, पत्नीच्या डाव्या हाताला सोयीचे होईल असे ताट ठेवले आणि भाकरी शेजारणीने दिली होती तिचा घास मोडून भाजी वाढली. तिने पहिला घास घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिलो. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी फलकापुढे उभी राहणारी मुले मला आठवली. त्यांच्या छातीत काय होत असेल, ते मला त्या क्षणी कळले.

ती काही बोलली नाही. सावकाश जेवत राहिली. मग ताटातील भाजी संपल्यावर म्हणाली, "अहो, आणखी थोडी वाढता का?"

शाळेतील ३५ वर्षांत तपासणी अधिकाऱ्यांचे चांगले शेरे मी पुष्कळ वाचले. परंतु या एका वाक्याने झाला तेवढा आनंद मला कोणत्याही शेऱ्याने झाला नव्हता.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास प्लास्टर निघाले. तोपर्यंत मी वरण, भात, पिठले आणि चार-पाच भाज्या शिकलो होतो. पोळ्या मात्र अजूनही निरनिराळ्या देशांच्या नकाशांसारख्या होतात. हात बरा झाल्यावर पत्नी पुन्हा स्वयंपाकघरात गेली, तेव्हा मी म्हणालो, "सकाळची भाजी यापुढे माझ्याकडे." ती म्हणाली, "बरे. पण विळी धुऊन, आडवी करून जागेवर ठेवत चला." हा नियम मी आजतागायत पाळत आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांना वाटत असेल, की स्वयंपाक हे आईचे काम, आपले काम अभ्यासाचे. मलाही तसेच वाटत होते, आणि ते वाटणे दूर व्हायला माझ्या पत्नीचा हात मोडावा लागला. तुम्ही इतका उशीर करू नका. एक तरी भाजी करायला आजच शिका. ती शिकवण्यासाठी तुमच्या घरात फार मोठ्या योग्यतेचा एक शिक्षक आहे. मात्र त्याला कोणी अजून 'गुरुजी' म्हटलेले नाही.

स्वाध्याय

१. पहाटे स्वयंपाकघरात लेखकाने काय पाहिले? पत्नीचे कोणते वाक्य त्याच्या मनाला लागले व का?

२. लेखकाची पहिली भाजी का बिघडली? चार कारणे लिहा.

३. कारणे द्या : (अ) कढईवरील ताटात पाणी घालतात. (आ) मीठ शेवटी घालतात. (इ) पेरूच्या फोडी भोपळ्यानंतर घालतात.

४. 'शेते दूर गेली, तरी ऋतू टोपलीत बसून आपल्या दारापर्यंत येतो.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : भ्रमाचा भोपळा फुटणे, विळ्या-भोपळ्याचे सख्य असणे, भोपळा मिळणे.

६. भाजणे, तळणे, उकडणे, वाफवणे, परतणे या क्रियापदांतील फरक घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा आणि प्रत्येकी एका पदार्थाचे नाव द्या.

७. तुमच्या घरी रोज स्वयंपाक कोण करते? त्या व्यक्तीकडून एक साधी भाजी शिकून घ्या व तिची कृती क्रमवार लिहा.